व्होजच्या डोंगरांना सायकलवरून प्रदक्षिणा: कोल्मार ते कोल्मार, पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पहिल्या वेळी मी ही फेरी उलटी केली. कोल्मारहून नऊला आरामात निघाले, रिकविरमध्ये फोटो काढले, कैसर्सबर्गच्या पुलावर कॉफी प्यायले आणि बारा वाजता, ऊन डोक्यावर असताना, चढाला तोंड दिलं. माथ्यावर पोचले तेव्हा अडीच वाजून गेले होते आणि ज्या खाणावळीच्या आशेवर वर आले तिचं स्वयंपाकघर बंद झालं होतं. पश्चिमेकडून ढग चढून आले. श्लुख्तच्या खिंडीपासूनचा सतरा किलोमीटरचा उतार मी पावसात उतरले, ब्रेक दाबून दाबून बोटं बधिर झालेली. मुन्स्टरला स्टेशनच्या बाकावर कुडकुडत बसले आणि मुकाट्याने आगगाडीने कोल्मारला परत आले.

त्यानंतर ही फेरी चार वेळा केली, दर वेळी सुलट दिशेने, आणि दर वेळी ती वेगळीच फेरी वाटली. रस्ते तेच, चढही जवळपास तेवढाच. अवघड तो घाट नाहीच. कुठली गोष्ट किती वाजता समोर येते, त्यावर सगळं ठरतं. मी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला राहते, माहेर वाईचं. इकडच्या मराठी मंडळींपैकी कोणी नवी रोड सायकल घेतली की ही फेरी कशी करायची, हाच प्रश्न येतो, म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवते.

१. आधी नकाशा डोक्यात बसवा

कोल्मार हे फ्रान्सच्या आल्सास भागातलं शहर. पूर्वेला ऱ्हाइन नदीचं सपाट खोरं, पश्चिमेला व्होज डोंगररांग. आपली फेरी अशी: कोल्मार, तुर्कहाइम, मुन्स्टर, श्लुख्तची खिंड, तिथून डोंगरमाथ्याने उत्तरेला काल्वेरची खिंड, मग लाक ब्लां तलावाजवळून खाली ओर्बे, कैसर्सबर्ग, रिकविर आणि परत कोल्मार. देवळाला प्रदक्षिणा घालतो तशी, डोंगर उजव्या हाताला ठेवून. ही खूण लक्षात ठेवलीत तर दिशा चुकणार नाही.

अंतर साधारण नव्वद ते पंचाण्णव किलोमीटर. एकूण चढ तेराशे ते पंधराशे मीटर, कोणाच्या यंत्राला विचारता त्यावर. सावकाश चालवणाऱ्याला थांबे धरून आठ-नऊ तास हाताशी हवेत.

स्वतःला जोखायचं असेल तर पसरणी घाट आठवा. वाईपासून पाचगणी साधारण पावणेसहाशे मीटर वर. मुन्स्टरपासून श्लुख्त साडेसातशे मीटर वर, आणि उताराचं मान जवळजवळ तेच, शंभर मीटरला साडेचार मीटरच्या आसपास. म्हणजे पसरणी चढून पाचगणीला पोचल्यावर आणखी पाच किलोमीटर तसाच चढ उरला आहे, असं समजा. सिंहगड चढणाऱ्यांना हा चढ पहिल्या अर्ध्या तासात लेचापेचा वाटतो आणि ते जोरात सुटतात. ते कसे फसतात ते पुढे सांगते.

२. कधी जायचं

मेच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत. हिवाळ्यात माथ्यावरचा रस्ता बर्फामुळे बंद असतो, आणि खाली द्राक्षवेलींना पालवी फुटली म्हणून वर बर्फ वितळलेलं असतंच असं नाही. एप्रिलमध्ये जाणार असाल तर रस्ता उघडला आहे का ते आदल्या दिवशी पाहून घ्या.

हवामानाचा इथला खेळ आपल्याला समजायला सोपा आहे. अटलांटिककडून येणारे ढग व्होजच्या पश्चिम उतारावर आणि माथ्यावर रिकामे होतात आणि कोल्मार कोरडं राहतं. फ्रान्समधल्या सगळ्यांत कमी पावसाच्या शहरांत त्याची गणना होते. महाबळेश्वरला कोसळतो आणि माण-फलटणला ढग नुसते बघून जातात, तेच. म्हणून कोल्मारच्या आकाशाकडे बघून जॅकेट घरी ठेवू नका. अंदाज पाहायचा तो श्लुख्तचा. तापमानही हजार मीटरला सहाएक अंशांनी उतरतं, शिवाय वारा.

वार शक्यतो आठवड्यातला मधला निवडा. शनिवार-रविवारी श्लुख्तच्या रस्त्यावर मोटरसायकलींचे थवेच्या थवे असतात. शनिवारच जमत असेल तर सकाळी सात वाजता कोल्मार सोडा, म्हणजे ते उठून नाश्ता करेपर्यंत तुम्ही वर पोचलेले असाल.

३. काय काय लागतं

कागदपत्रं:

- पासपोर्ट आणि राहत्या देशाचा रहिवास परवाना, दोन्ही मूळ. भारतातून आला असाल तर शेंगेन व्हिसा असलेला पासपोर्ट. ट्रेनमध्ये तपासणी होऊ शकते आणि मोबाइलमधला फोटो तिथे कामाला येत नाही.
- आरोग्य विम्याचं कार्ड किंवा प्रवास विम्याचा कागद.
- बँकेचं कार्ड आणि थोडे रोख युरो. डोंगरावरच्या खाणावळींत रोख असलेली बरी.
- स्वित्झर्लंडहून महागडी सायकल घेऊन येत असाल तर खरेदीच्या पावतीची प्रत.

सायकलसाठी:

- दोन ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, हातपंप, अ‍ॅलन कीचा संच, साखळी जोडायची कडी.
- पुढचा-मागचा दिवा आणि घंटी. फ्रान्समध्ये अंधारात किंवा धुक्यात गावाबाहेर चमकतं जाकीट घालणं सक्तीचं आहे. माथ्यावर धुकं भर जुलैतही येतं, म्हणून ते सोबत हवंच.
- मागची सगळ्यांत मोठी दातेरी चकती किमान ३२ दातांची. पुढे ३४ दातांची लहान चकती असेल तर गुडघे दुवा देतील.
- टायर २८ मिलिमीटरचे. २५ चे चालतात, पण गावांतली फरसबंदी मणक्यापर्यंत कळते.

अंगावर आणि खिशात: वारा अडवणारं पातळ जॅकेट, पूर्ण बोटांचे हातमोजे (उतारासाठी, चढताना खिशात), दोन बाटल्या, मीठ-साखरेची पुडी. खायला मी राजगिऱ्याचे लाडू आणि खजूर नेते. चिक्की नेऊ नका. चढावर धाप लागलेली असताना चिक्की चावता येत नाही आणि थांबावं लागतं.

४. कोल्मारला पोचणं

बाझेल स्टेशनच्या फ्रेंच भागातून स्ट्रासबुर्गकडे जाणाऱ्या प्रादेशिक गाड्या पाऊण तासात कोल्मारला सोडतात. सायकलला जागा असते पण मोजकी, आणि उन्हाळ्याचे नियम बदलत असतात, म्हणून आदल्या दिवशी एकदा बघा. जर्मनीतल्या फ्रायबुर्गकडून येणाऱ्यांनी ब्रायझाखपर्यंत ट्रेन घ्यावी. तिथून पुढे कोल्मारची रेल्वे दुसऱ्या महायुद्धात पूल पडल्यापासून बंदच आहे. उरलेले वीस-पंचवीस किलोमीटर सपाट आहेत, पण ते येताना आणि जाताना दोन्ही वेळा मोजा.

मला विचाराल तर आदल्या रात्री तुर्कहाइमला मुक्काम करा. तटबंदीचं लहानसं गाव, तीन वेशी अजून उभ्या आहेत. मे ते ऑक्टोबर रोज रात्री दहाला गस्तवाला कंदील घेऊन गल्ल्यांतून गाणं म्हणत फिरतो. आम्ही त्याच्या मागे मागे अर्धा गाव फिरलो आणि मग वेळेवर झोपलो, जे कोल्मारमध्ये जमलं नसतं.

५. रस्त्यावरचे चार नियम, ज्यांनी आपली माणसं फसतात

गाडी उजवीकडून चालवायची, हे सगळ्यांना माहीत असतं. चूक होते ती थांब्यानंतर. पाणी पिऊन, फोटो काढून पुन्हा रिकाम्या रस्त्यावर निघताना हात आपोआप डावीकडे वळवतो. माझ्या मावसभावाने, पुण्यातल्या पक्क्या सायकलस्वाराने, ओर्बेच्या वरच्या वळणावर हेच केलं आणि समोरून दुधाची गाडी आली. काही झालं नाही, पण त्यानंतर तो प्रत्येक थांब्यावर "उजवी, उजवी" असं मोठ्याने म्हणत निघायचा. तुम्हीही म्हणा.

दुसरं, गावातल्या ज्या चौकात कुठलीच पाटी नाही तिथे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. तुम्ही मोठ्या रस्त्यावर आहात आणि तो गल्लीतून येतोय, तरी त्याचाच. मोठ्या गोल चौकात मात्र आत फिरणाऱ्याला, म्हणजे तुमच्या डावीकडून येणाऱ्याला, आधी जाऊ द्यायचं.

तिसरं, कानात इअरफोन घालून सायकल चालवायला बंदी आहे. आणि चौथं, हा सगळा वाइनचा मुलुख असला तरी पिऊन सायकल चालवणं गुन्ह्यात मोडतं. चव घ्यायची ती संध्याकाळी.

अडचणीत फोन ११२.

६. कोल्मार ते मुन्स्टर: पाय तापवायचे वीस किलोमीटर

इथे सांगण्यासारखं फार नाही. मुख्य रस्त्यावर वाहनं असतात, त्यापेक्षा तुर्कहाइमवरून दरीतल्या लहान गावांमधून जा. चढ जाणवतही नाही. मुन्स्टरच्या अलीकडे गुन्सबाख लागतं. १९५२ चं शांततेचं नोबेल मिळालेले अल्बर्ट श्वाइट्झर इथे वाढले, वडील गावचे पाद्री होते. त्यांचा जन्म मात्र १८७५ साली कैसर्सबर्गचा, म्हणजे दुपारी आपण डोंगराच्या त्या बाजूला जिथे उतरणार तिथला.

मुन्स्टरला बाटल्या काठोकाठ भरा आणि काहीतरी खा. भूक लागलेली नसेल, तरी खा.

७. श्लुख्तचा घाट

मुन्स्टर सोडलं की श्तोसविरपर्यंत घरं सोबत असतात, मग रस्ता जंगलात शिरतो. बीच आणि फरची उंच झाडं, रस्त्यावर सावली, बाजूला ओढ्याचा आवाज. वळणं मोठी आणि सैल, रस्ता गुळगुळीत. फसवणूक नेमकी इथे होते.

मावसभाऊ आठवड्यातून दोनदा सिंहगड करणारा. "ताई, हा काय घाट आहे होय!" म्हणत तो पुढे निघून गेला. अकराव्या किलोमीटरला मला तो कठड्यावर बसलेला सापडला, बूट काढून, पोटरीत गोळा आलेला.

"अजून किती?"

"सहा."

"सिंहगड एव्हाना संपून झुणका-भाकरी झाली असती."

सिंहगड तीव्र आहे पण लवकर संपतो. इथे चढ सौम्य आहे आणि तो सौम्यपणे दीड-दोन तास चालूच राहतो. म्हणून पहिले पाच किलोमीटर लाज वाटेल इतके हळू काढा. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. हलका गिअर लवकर टाका, पाय भरून आल्यावर नव्हे. दर वीस मिनिटांनी दोन घोट पाणी आणि अर्धा लाडू, तहानभुकेची वाट न पाहता. सीटवरून उठून चालवायचं असेल तर वळणांवर थोडंसं, पाठ मोकळी करण्यापुरतं. थांबायचं झाल्यास वळणाच्या आतल्या बाजूला कधीही थांबू नका, वरून येणाऱ्या मोटरसायकली तीच बाजू कापत येतात.

खिंड ११३९ मीटरवर आहे. वर हॉटेलं, दुकानं, गाड्यांचा तळ, असा एकंदर बाजार आहे. १८७१ पासून पहिलं महायुद्ध संपेपर्यंत जर्मनी आणि फ्रान्सची सरहद्द इथून जात होती. चढून आलात ती बाजू तेव्हा जर्मनीची.

इथे न रेंगाळता जॅकेट चढवा. घामाने भिजलेल्या पाठीवर तो वारा पाच मिनिटांत काम करतो.

८. माथ्यावरचा रस्ता आणि जेवण

श्लुख्तहून उजवीकडे, उत्तरेला वळा. हा 'रूत दे क्रेत', म्हणजे माथ्यावरचा रस्ता, पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याने आपल्या हालचालींसाठी केला. पूर्वेकडच्या जर्मन तोफांना दिसू नये म्हणून तो बहुतेक ठिकाणी माथ्याच्या पश्चिम अंगाला ठेवलेला आहे. याचे सायकलवाल्याला दोन परिणाम भोगावे लागतात: पूर्वेकडचं मैदान फारसं दिसत नाही आणि पश्चिमेचा वारा थेट अंगावर येतो. दहा-बारा किलोमीटर वर-खाली चालतं, अवघड नाही. झाडी संपते तिथे उघडी गवताळ कुरणं लागतात, त्यांना 'शोम' म्हणतात. उन्हाळ्यात गुरं तिथेच असतात आणि त्यांच्या गळ्यातल्या घंटा धुक्यातही ऐकू येतात.

जेवायचं ते 'फेर्म-ओबेर्ज' म्हणजे शेतावरच्या खाणावळीत. वेळ बारा ते दोन, आणि दोन म्हणजे दोन. गुराख्यांचं ठरलेलं जेवण असतं: मांसाचं सारण भरलेली भाजलेली पेस्ट्री, धुरावलेलं डुकराचं मांस, त्यासोबत तासन्‌तास शिजवलेले बटाटे, मग मुन्स्टर चीज आणि रानातल्या निळ्या बोरांचा टार्ट. संपूर्ण जेवण घेतलंत तर पुढचा उतार झोपेत उतराल. मी आमलेट आणि टार्टवर भागवते.

शाकाहारी लोकांनी नुसतं 'साँ विआंद', मांस नको, एवढ्यावर थांबू नये. बटाट्यांत डुकराच्या चरबीचे तुकडे असतात आणि ते इथे कित्येकांच्या लेखी मांसात धरले जात नाहीत. 'साँ लार्दों' असंही वेगळं सांगा. मुन्स्टर चीजचा वास सुकटीच्या डब्यासारखा, उघडलं की घरभर. चव मात्र सौम्य. घरी न्यायचं असेल तर ट्रेनमधल्या सहप्रवाशांचा विचार करा.

९. काल्वेरहून ओर्बे: इथे घाई करायची नाही

काल्वेरची खिंड ११४४ मीटरवर, झाडीत. इथून उजवीकडे वळायचं. हे वळण चुकून सरळ गेलात तर बोनोम खिंडीकडे उतराल आणि पुढे ट्रकचा रस्ता वाट्याला येईल. थोडं खाली लाक ब्लां, म्हणजे पांढरा तलाव, कड्याच्या कुशीत बसलेला. पाच मिनिटं थांबा. ब्रेक आणि टायर हाताने तपासायला हीच जागा चांगली.

उतार श्लुख्तच्या चढापेक्षा तीव्र आहे. हात खालच्या मुठीवर, वळणाआधी सरळ रस्त्यावरच वेग कमी करा, वळणात ब्रेक सोडा, बाहेरचं पॅडल खाली. सतत हलका ब्रेक धरून ठेवू नका. रिमला लागणारे ब्रेक असतील तर रिम तापते. दोनदा जोरात दाबा, सोडा, असं करत या. सावलीतली वळणं पाऊस थांबून तास झाला तरी ओली असतात.

ओर्बेला पाणी संपलेलं असतं. कारंजं दिसलं तर पाटी वाचा: 'ओ पोताब्ल' म्हणजे पिण्याचं, मध्ये 'नों' असेल तर नाही. कारंजं सापडलं नाही तर फ्रान्समधली सगळ्या सायकलवाल्यांची युक्ती करा, गावचं कबरस्तान शोधा. फुलांना घालायला तिथे नळ असतोच आणि बहुतेक वेळा तो गावच्याच नळाचा असतो. तिथेही पाटी बघायचीच.

"ताई, स्मशानातलं पाणी?"

मावसभावाने आधी फक्त तोंड धुतलं. मग बाटली भरली.

१०. गावं

ओर्बेहून खाली आल्यावर दरीतला मोठा रस्ता लागतो, त्यावर ट्रक असतात. एका ओळीत, कडेने चला. कैसर्सबर्गला पोचाल तेव्हा तीन-साडेतीन झाले असतील आणि गाव माणसांनी फुललेलं असेल. सुलट दिशेचा हा एकच तोटा, तो मी मान्य करते. सायकलवरून उतरा आणि चालत जा. फरसबंदीवर, गर्दीत, क्लिपचे बूट घालून सायकल चालवणं म्हणजे पडण्याची तयारी. तटबंदीचा दगडी पूल आणि वर किल्ल्याचा बुरूज बघा आणि पुढे निघा.

इथून सगळी द्राक्षमळ्यांची टेकाडं. कुठलाच चढ मोठा नाही, पण ऐंशी किलोमीटरनंतर प्रत्येकाला स्वतंत्र शिवी द्यावीशी वाटते. श्लुख्तवर राखलेलं बळ इथे लागतं. सिगोल्सहाइम, बेनविर, मित्तलविर ही गावं नवी-नवी वाटतील. १९४४-४५ च्या हिवाळ्यात कोल्मारभोवतीच्या लढाईत ती जमीनदोस्त झाली आणि पुन्हा बांधली गेली. त्यांना लागूनच असलेलं रिकविर वाचलं. लाकडी सांगाड्याची रंगीत घरं, आणि १२९१ सालचा दोल्देर बुरूज अजून वेशीवर उभा. पाचनंतर बसगाड्या परतलेल्या असतात, तेव्हा रिकविरच्या गल्लीत निवांत बसता येतं.

सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षतोडणी असते. मळ्यांमधल्या रस्त्यांवर ट्रॅक्टरचा चिखल आणि चिरडलेली द्राक्षं पडलेली असतात. ती ओल्या शेवाळासारखी निसरडी.

११. जमलं नाही तर, आणि परत

माघारीची जागा एकच चांगली, मुन्स्टर. तिथून कोल्मारला गाडी आहे. म्हणून श्लुख्तच्या निम्म्या वाटेवर पाय गेले किंवा आभाळ भरून आलं तर मागे वळा. माथ्यावर गेल्यानंतर दोन्ही बाजूंना लांब उतारच आहेत.

रिकविर ते कोल्मार बारा-तेरा किलोमीटर, सपाट. स्टेशनवर तिकीट यंत्रातून काढा. डब्यात सायकल बहुधा आकड्याला उभी टांगावी लागते. आकडा उंच असतो आणि या वेळेपर्यंत दंडात जीव उरलेला नसतो. मी आता कोणाला तरी सरळ "मदत कराल का?" म्हणून विचारते. टांगण्याआधी बाटल्या काढून घ्या. मागच्या वेळी अर्धी भरलेली बाटली माझ्याच डोक्यावर रिकामी झाली.